निरंक

३० मे २०२४ ला नागपूरचा पारा ५६ अंशांवर गेला होता, आठवतं? नवतपा चालू होता, दुपारी बारालाच रस्ते ओस पडत होते, आणि रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने हा आकडा नोंदवला. मग काय विचारता! नागपूरकराला उन्हाचा जेवढा जाच, तेवढाच त्याचा तोरा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना स्क्रीनशॉट पाठवून झाले, 'तुमच्याकडे काय, हिल स्टेशनच' असं म्हणून झालं. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता; दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. नागपूरचा जुना उच्चांक ४७.९ चा, २३ मे २०१३ चा, तो शाबूत राहिला. आमच्या ऑफिसात दोघा-तिघांना याचं चक्क वाईट वाटलं.

मला मात्र त्या सेन्सरचं थोडं कौतुकच वाटलं. चुकला, पण चौथीतल्या पोरालाही कळेल असा चुकला. माझ्या हातची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एकदा अकरा दिवस चुकत राहिली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण ती ५६ सांगत नव्हती. ती शून्य सांगत होती, आणि माझ्या कामात शून्याइतकी गोड बातमी दुसरी नाही.

मी डेटाबेस सांभाळते. परसोडीच्या आयटी पार्कपासून जवळच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची लहानशी कंपनी आहे. आमचे ग्राहक म्हणजे बहुतेक ठोक व्यापारी: इतवारीतले किराणावाले, गांधीबागेतले औषधवाले, सीताबर्डीतले कपडेवाले. त्यांचं बिल, साठा, उधारी आमच्या सॉफ्टवेअरवर चालते. काहींचा डेटा भाड्याच्या क्लाउडवर असतो, पण बऱ्याच जणांना आपला हिशेब आपल्याच छताखाली लागतो. त्यामुळे आमचे सर्व्हर कुठे दुकानाच्या माडीवर, कुठे गोदामाच्या कोपऱ्यात, तर एका ठिकाणी देवघराच्या भिंतीला लागून आहेत. डेटाबेसही नाना जातींचे: कुठे मायएसक्यूएल, कुठे पोस्टग्रेस, दोन ठिकाणी ओरॅकल. या सगळ्यांची नाडी ऑफिसात बसून बघायची, हे माझं काम. सासरच्या मंडळींना मी सांगते की रात्री-बेरात्री उठून कॉम्प्युटरला ताप आहे का ते बघते. त्यांना ते पटतं, आणि ते फारसं खोटंही नाही.

पण निरंक हा शब्द मी या कामात शिकले नाही. तो बाबांचा.

बाबा महसूल खात्यात कारकून होते. पावसाळ्यात त्यांच्याकडे एक जादा काम यायचं. कार्यालयाच्या आवारातलं पर्जन्यमापक सकाळी ठरल्या वेळी उघडायचं, साचलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटरचा आकडा रजिस्टरात चढवायचा आणि जिल्ह्याला कळवायचा. शाळेला सुटी असली की मीही सोबत जायचे. जुलैत पावसाने दडी मारली, आभाळ स्वच्छ, अंगणातली माती फुटलेली, तरी बाबा जाऊन कुलूप काढायचे, झाकण उचलायचे, कोरडं ठणठणीत पात्र उलटं करून बघायचे आणि येऊन लिहायचे: निरंक.

"पाऊस नाही ते तर खिडकीतून दिसते ना बाबा," मी एकदा म्हटलं.

"खिडकीतून दिसलं ते मत झालं," बाबा म्हणाले. "उघडून पाह्यलं ते माप."

सरकारी मराठीची आपण बरीच टवाळी करतो आणि ती तिला शोभतेही, पण 'निरंक' हा शब्द मात्र त्या दप्तरातला हिरा आहे. निरंक म्हणजे काही नाही. पण ते 'काही नाही' कुणीतरी जाऊन, बघून, सही करून पाठवलेलं असतं. तक्रारी निरंक, साथरोग निरंक, पाऊस निरंक. सांगण्यासारखं काही नसलं तरी अहवाल जातो. आणि बाबा सांगायचे, जिल्ह्याहून फोन कधी यायचा तर निरंक गेलं म्हणून कधीच नाही. अहवालच गेला नाही तर मात्र अकराच्या आत यायचा. तिकडचा मोठा बाबू रकान्यातले आकडे वाचण्याआधी रिकामे रकाने शोधायचा.

बाबांच्या शेजारच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते. ते शुक्रवारी संध्याकाळीच शनिवार-रविवारचं निरंक लिहून गावी जायचे. एका शनिवारी रात्री असा पाऊस झाला की सोमवारी त्यांची एसटी नाल्याच्या अलीकडेच थांबली. रजिस्टरात रविवार मात्र कोरडाच होता. बाबा हा किस्सा अजूनही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून सांगतात.

हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं असूनही २०१६ मध्ये मी नेमकी तीच चूक केली, आणि तीही जरा हुशारीने.

मोठ्या ग्राहकांकडे आम्ही मुख्य डेटाबेसची एक जुळी प्रत दुसऱ्या मशीनवर चालू ठेवतो. मुख्यावर जे लिहिलं जातं ते काही क्षणांत प्रतीवर उतरतं. महिन्याचे अहवाल, उधारीच्या याद्या, असली जड कामं प्रतीवरून काढायची, म्हणजे दुकानात बिल फाडणाऱ्या पोराचा स्क्रीन अडकत नाही. आता ही प्रत किती मागे आहे? मायएसक्यूएल ते सेकंदांत सांगतं. त्या काळी रकान्याचं नाव होतं 'सेकंड्स बिहाइंड मास्टर'. पुढे आठव्या आवृत्तीत मालक-गुलामाची ती भाषा काढायला सुरुवात झाली आणि 'सोर्स' आला, बरं झालं. तर रकान्यात शून्य असलं की प्रत बरोबरीने चालते आहे. ६०० असलं की दहा मिनिटं मागे. आणि प्रत पार थांबलेली असेल तर? तेव्हा डेटाबेस आकडा देतच नाही. तिथे 'नल' असं लिहून येतं.

नल आणि शून्य यांची गल्लत नवखी पोरं करतात आणि मी त्यांना दरवर्षी तेच सांगते. आपण शून्य मैलाच्या गावचे लोक. विधान भवनाजवळ तो खांब उभा आहे, चार घोडे आहेत, दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूरची अंतरं मैलांत कोरली आहेत. तिथलं शून्य हे कुणीतरी साखळ्या-दुर्बिणी घेऊन मेहनतीने ठरवलेलं आहे. त्या खांबाची पाटीच पुसून गेली तर त्या कोऱ्या दगडाला कुणी शून्य मैल म्हणणार नाही. नल म्हणजे तो कोरा दगड.

माझी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी प्रतीला हा प्रश्न विचारायची, उत्तरातून आकडा उचलायची आणि पुढे आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला द्यायची. त्या प्रोग्रामला अक्षरं खपत नसत. कधी प्रत दोन मिनिटांसाठी थांबली की नल यायचं, आलेख अडखळायचा, लॉगमध्ये चुकांची रांग लागायची. मला त्याचा वैताग आला आणि मी 'ऑक'च्या, म्हणजे मजकुरातून आकडे वेचणाऱ्या छोट्या भाषेतल्या, ओळीच्या शेवटी 'अधिक शून्य' लिहिलं. ऑकची रीत अशी की अक्षरांत शून्य मिळवलं की उत्तर शून्य येतं. झालं. चुकांची रांग बंद, आलेख सरळ, हिरवागार. मीच साहेबांना दाखवला होता, 'बघा सर, किती स्थिर आहे.'

अकराव्या दिवशी गांधीबागेतून फोन आला. औषधांच्या एका ठोक दुकानात हिशेब बघणारी मुलगी होती.

"ताई, दोन मंगळवार झाले, उधारीचा तोच आकडा येऊन राहिला. आम्ही तर रोज माल विकून राहिलो ना."

कारण क्षुल्लक होतं. कुणीतरी घाईत मुख्याऐवजी प्रतीवरच एक नोंद हाताने घातली होती. पुढे मुख्याकडून त्याच क्रमांकाची नोंद आली, प्रत म्हणाली ही तर माझ्याकडे आहे, १०६२ क्रमांकाची चूक दाखवली आणि थांबली. त्या क्षणापासून ती इमानाने नल सांगत होती. मी तिच्या तोंडी शून्य घालत होते.

मला जास्त लागलं ते दुसरंच. आलेखासाठी मी वापरत होते ते आरआरडीटूल. टोबियास ओटिकर यांनी १९९९ मध्ये ते आणलं, आणि मोजमापाची अशी रीतभात मी क्वचित कुठे पाहिली आहे. मोजमाप मिळालं नाही तर त्याला 'यू' पाठवा, म्हणजे अज्ञात. काहीच पाठवलं नाही आणि ठरलेली मुदत उलटून गेली, तर तो आपण होऊन ती वेळ अज्ञात धरतो आणि आलेखात तेवढी फट सोडतो. रिकामा रकाना रिकामाच ठेवण्याची सोय त्या माणसाने सुरुवातीपासून करून ठेवली होती. मी माहितीपुस्तिकेतलं ते पान वाचलंच नव्हतं. आलेख सुरेख दिसावा म्हणून फट बुजवली.

आता थोडं एसएनएमपीबद्दल, कारण हे आकडे दुकानातून ऑफिसात येतात ते त्याच वाटेने. सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, १९८८ चा. त्यातल्या 'सिंपल'वर विश्वास ठेवू नये, असं मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. मूळ कल्पना मात्र खरंच साधी: प्रत्येक मशीनवर एक सेवक बसलेला असतो, आपण १६१ क्रमांकाच्या दारावर जाऊन त्याला विचारायचं, तो उत्तर देतो. काय विचारायचं ते नावाने विचारत नाहीत, पत्त्याने विचारतात, आणि पत्ता आकड्यांचा. महालातल्या जुन्या वाड्यात खोली सांगावी तसा: मोठा दरवाजा, पहिला चौक, डावा जिना, तिसरी खोली. १.३.६.१.४.१ इथपर्यंत गेलं की कंपन्यांची आळी लागते. तिथे ९ नंबर सिस्कोचा, १११ ओरॅकलचा, ३११ मायक्रोसॉफ्टचा. त्यापुढे ज्याची त्याची घरं.

याच वाड्यात डेटाबेससाठी सगळ्यांना सामाईक अशी एक खोलीही बांधलेली आहे. १९९४ मध्ये एक मानक निघालं, त्यात कुठल्याही कंपनीचा रिलेशनल डेटाबेस असो, तो चालू आहे का, किती जागा दिली, किती वापरली, हे ठरावीक पत्त्यांवर मिळावं अशी योजना होती. जागा संपली की हाक कशी मारायची तेही लिहिलेलं. किती शहाणपणाची गोष्ट! पण माझ्या नोकरीत मी त्या पत्त्यावर उत्तर देणारा डेटाबेस एकदाच पाहिला, ओरॅकलचा. बाकी ठिकाणी दार वाजवलं की आत कुणी नाही. मग माझ्यासारखे लोक काय करतात? नेट-एसएनएमपी नावाच्या सेवकात 'एक्स्टेंड' अशी एक ओळ लिहिता येते. हा प्रश्न आला की माझी ही स्क्रिप्ट चालव आणि तिचं उत्तर दे. मानकाच्या खोलीत कुणी राहायला आलं नाही, म्हणून अंगणात तंबू ठोकल्यासारखं आहे ते. तंबूत माझा संसार बरा चालला आहे.

१९९० मध्ये एका प्रदर्शनात जॉन रॉम्की यांनी टोस्टर नेटवर्कला जोडून एसएनएमपीने चालू-बंद करून दाखवला होता. पाव भाजता येतो, पण डेटाबेसची जागा संपली का ते धड विचारता येत नाही, असं मी एकदा चहाच्या टपरीवर म्हटलं तर सगळे हसले. तेवढ्यात इतवारीतून जागा संपल्याचा फोन आला.

दारावरच्या कुलपाबद्दल न बोललेलं बरं. जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच जातो, आणि तो बहुतेक ठिकाणी 'पब्लिक' असतो. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवावी आणि अख्ख्या मोहल्ल्याला ते ठाऊक असावं, तशी गत. तिसऱ्या आवृत्तीत हे सुधारलं. आमच्या सगळ्या ग्राहकांपर्यंत ती सुधारणा पोचवायला मला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं एक वर्ष नुसतं 'पुढच्या आठवड्यात करू ना मॅडम' यात गेलं.

सेवकाला आपण विचारायचं हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे सेवकाने आपण होऊन हाक मारायची. त्याला 'ट्रॅप' म्हणतात, तो १६२ वर येतो. यात मेख अशी की ट्रॅप म्हणजे साधं टपाल आहे. टाकलं पेटीत, पुढे देवाला काळजी. वाटेत हरवलं तर ना पाठवणाऱ्याला कळत, ना ज्याला पाठवलं त्याला. आणि हरवण्याची वेळ नेमकी कोणती, तर नेटवर्क बिघडलेलं असतानाची. म्हणजे जेव्हा हाक सगळ्यात जास्त हवी तेव्हाची. यावर उपाय म्हणून पुढे 'इन्फॉर्म' आला. तो रजिस्टर एडी. तिकडून पोच येईपर्यंत सेवक ठरल्यावेळा पुन्हा पुन्हा पाठवतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोच नसलेला कागद आम्ही गेला असं धरतच नव्हतो." मग थोडं थांबून, "तुमच्याकडं उशिरा समजलं."

शून्याने मला आणखी एकदा फसवलं, पण त्यात दोष माझा नव्हता. पहाटे चारला फोन वाजला: सीताबर्डीतला सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. घामाघूम होऊन बघते तर सगळं शांत, डेटाबेस जागचा हललेला नाही. एसएनएमपीत 'किती वेळ चालू आहे' हे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि ते मोजायला बत्तीस बिट असतात. तेवढ्या जागेत ४९७ दिवस, दोन तास आणि सत्तावीस मिनिटं मावतात. मग मीटर फिरून पुन्हा शून्यावर. बाबांच्या जुन्या स्कूटरचं मीटर असंच उलटलं होतं आणि ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते, गाडी नवी आहे. त्या रात्री मला हसू आलं नाही, पण त्या सर्व्हरबद्दल आदर वाटला. नागपूरचा एक अख्खा उन्हाळा त्याने त्या माडीवर बसून काढला होता.

उन्हाळ्याचं वेगळंच पुराण आहे. यूपीएसलाही एसएनएमपीने विचारता येतं: बॅटरी किती मिनिटं टिकेल, तिचं तापमान किती. इतवारीत एका मिरचीवाल्याच्या माडीवर एसी बिघडला आणि शेठजींनी सर्व्हरसमोर घरचा कूलर आणून लावला. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचे तुषार, सगळं थेट मशीनच्या तोंडावर. तापमान खाली आलं, स्क्रीनवर सगळं हिरवं. दमट हवा मोजणारं तिथे काहीच नव्हतं. आत मिरचीची बारीक पूड आणि ओल यांचं जे काही झालं, ते साफ करणारा पोरगा दिवसभर शिंकत होता. जे मोजत नाही ते स्क्रीनवर नसतं, एवढंच.

२०१६ नंतर मी स्क्रिप्टा नव्याने लिहायला घेतल्या. 'अधिक शून्य' काढलं. नागिओस या देखरेखीच्या प्रोग्रामची एक पद्धत मला आवडायची, ती घेतली: तपासणीने परत येताना शून्य, एक, दोन किंवा तीन सांगायचं. शून्य ठीक, एक जपून, दोन धोका, आणि तीन म्हणजे माहीत नाही. हा तीनचा आकडा लोक फार हलक्यात घेतात. आमच्या स्क्रीनवर मी त्याला राखाडी रंग दिला आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माहीत नाही'. साहेब म्हणाले, ग्राहकाने पाहिलं तर काय म्हणेल? आपल्याला माहीत नाही असं कसं लिहायचं? मी म्हटलं, माहीत नसताना हिरवं दाखवण्यापेक्षा बरं. हा वाद दोन महिने चालला. शेवटी ग्राहकांना दाखवायच्या स्क्रीनवर 'तपासणी चालू' असं ठरलं. तडजोड मला अजूनही आवडलेली नाही.

आणि तरी पुढच्या वर्षी भाऊसाहेबांनी मला गाठलंच. एक्स्टेंडची स्क्रिप्ट डेटाबेसला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसली की तेवढा वेळ सेवकही खोळंबतो. बाकीच्या प्रश्नांनाही उत्तर देत नाही. म्हणून मी काम वाटून दिलं. क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने, दर पाच मिनिटांनी डेटाबेसला विचारून उत्तर एका फाइलीत लिहायचं, आणि सेवकाने फक्त ती फाइल वाचून दाखवायची. फार सुटसुटीत. मग एका मशीनवर तपासणीच्या खात्याचा पासवर्ड बदलला गेला, क्रॉनची स्क्रिप्ट फाइलीला हात लावण्याआधीच अडून परत फिरू लागली, आणि फाइलीत शेवटचा लिहिलेला आकडा तसाच राहिला. सेवक तो रोज वाचून दाखवत होता. शुक्रवारी लिहिलेला रविवार! या वेळी चार दिवसांत माझ्याच लक्षात आलं, कारण जिवंत डेटाबेसवर कनेक्शनची संख्या चार दिवस बरोबर सदतीस राहत नाही.

तेव्हापासून प्रत्येक फाइलीत आकड्याआधी वेळ असते. ऑफिसातला प्रोग्राम आधी वेळ बघतो, पंधरा मिनिटांहून जुनी असली की आकडा कितीही गोड असो, रंग राखाडी. प्रतीचंही तेच केलं: मुख्यावरच्या एका छोट्या टेबलात दर सेकंदाला आत्ताची वेळ लिहायची आणि प्रतीवर ती किती वाजताची दिसते ते बघायचं. डेटाबेसला 'तू किती मागे आहेस' असं विचारण्यापेक्षा त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाचलेलं बरं. सगळं चांगलं चाललेलं असतानाही प्रत्येक मशीनने दर पाच मिनिटांनी तसं सांगितलं पाहिजे. ऑफिसात या संदेशाचं नाव निरंकच पडलं. 'मॅडम, मिरचीवाल्याचं निरंक नाही आलं' हे वाक्य आमच्याकडे अगदी रुळलेलं आहे. एका पोळ्याच्या पाडव्याला, मारबतीच्या दिवशी, पोरांनी स्क्रीनवर चिकटवलं होतं: 'खोटं शून्य घेऊन जा गे मारबत'.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मी मानेवाड्याला घरी होते. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला, तो थांबेचना. आभाळ फाटणं हा शब्द आपण उगाच वापरतो असं तोवर वाटायचं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी, जिला आपण नाला म्हणत आलो, तिने आपलं पात्र परत मागितलं. पण हे सगळं सकाळी कळलं. रात्री मला दिसत होता तो फक्त स्क्रीन.

तीनच्या पुढे फोन थरथरला. अंबाझरीकडचा एक सर्व्हर राखाडी. वीज गेली असेल, म्हटलं. पण यूपीएसने बॅटरीवर गेल्याचं सांगितलं नव्हतं. मग धरमपेठेतला एक. मग काही वेळाने सीताबर्डीत मोरभवनच्या बाजूचे दोन. लाल एकही झाला नाही. धोका आहे असं कुणी म्हणालंच नाही, एकेक जण फक्त गप्प झाला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की राखाडी ठिपके नदीच्या ओळीने येत आहेत. वरून खाली, पाणी जसं उतरेल तसे.

त्या ओळीत पुढे कोण? मी यादी काढली आणि फोन लावत सुटले. नाग नदीच्या काठाला लागून एका ग्राहकाचं तळमजल्यावर गोदाम होतं. काकांनी पाचव्या घंटीला उचलला.

"काका, सर्व्हर खाली आहे ना? उचलून वर ठेवा. आत्ता."

"बंद पडला का?"

"नाही, चालू आहे अजून."

"मग काऊन उचलायचा?"

त्यांना समजावता येईना. शेवटी मी म्हटलं, काका, दार उघडून बाहेर बघा. फोन तसाच ठेवून ते गेले. मला दाराची कडी ऐकू आली, आणि मग पाण्याचा आवाज.

त्यांचं मशीन वाचलं. सीताबर्डीतली दोन गेली, धरमपेठेतलं गेलं. त्यांचे बॅकअप बाहेर होते. चार दिवसांत दुकानं उभी राहिली. माणसांचं, घरांचं जे नुकसान त्या रात्री झालं, त्यापुढे या तीन पेट्यांची गोष्ट सांगायलाही संकोच वाटतो. तरी त्या राखाडी ठिपक्यांची ओळ डोळ्यांपुढून जात नाही. २०१६ ची माझी स्क्रिप्ट असती तर नदीकाठ रात्रभर हिरवा दिसला असता.

बाबा आता काटोलकडे गावच्या घरी असतात. आई गेल्यावर नागपूरला चला म्हटलं तर संत्र्याच्या शंभर झाडांचं कारण पुढे करतात. त्यांनी अंगणात एक पर्जन्यमापक बसवून घेतलं आहे आणि पावसाळा असो-नसो, सकाळी साडेआठच्या सुमारास माझ्या फोनवर त्यांचा संदेश येतो. बहुतेक दिवस एकच शब्द: 'निरंक'. पाऊस झाला तर आकडा, आणि कधी शेरा. 'अठरा. बरा.' किंवा 'एक पॉइंट दोन. पावसाचा दिवस धरता येत नाही', कारण अडीच मिलिमीटरच्या खालच्याला त्यांच्या हिशेबात पावसाचा दिवस म्हणत नाहीत. साडेनऊपर्यंत संदेश आला नाही की मी शेजारच्या वहिनींना फोन करते. आजवर तीनदा केला. एकदा रिचार्ज संपलं होतं, एकदा फोन विहिरीच्या काठावर राहिला होता, एकदा ते साखरझोपेत होते आणि वहिनींनी उठवलं म्हणून माझ्यावरच चिडले.

मी या संदेशांना कधी उत्तर देत नसे. वाचलं, बरं वाटलं, पुढच्या कामाला लागले. मागच्या श्रावणात गावी गेले होते तेव्हा जेवताना बाबा म्हणाले, "तू पोच देत नाहीस."

"निळ्या खुणा येतात ना बाबा. मी वाचते रोज."

"त्या खुणा फोन देते." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नागपूरात एवढी मोठी तू, रात्री-बेरात्री जागते. मले कसं समजंल?"

आज साडेआठला संदेश आला, निरंक. मी कामावर निघाले होते, गाडी सिग्नलला होती. हेल्मेटची काच वर केली आणि लिहिलं, पोच मिळाली. इकडेही निरंक.